जुन्या शहरातली जागा

गोष्ट एकोणीसशे चौतीस सालातली. अमरावतीला मुलींना मास्तरीण होण्याचं शिक्षण देणारी एक शाळा होती. तिथं गुरुवारी सकाळी मोठ्या बाईंनी अकोल्याहून आलेलं पत्र वाचून दाखवलं. जुन्या शहरातल्या मुलींच्या मराठी शाळेत एक जागा रिकामी झाली होती. जिला हवी तिनं आपल्या हातानं अर्ज लिहायचा, सोमवारी तिथं हजर व्हायचं आणि कमिटीपुढं एक पाठ घेऊन दाखवायचा.

पत्र संपायच्या आत सत्यभामानं अर्ज करायचं ठरवलं. ती वलगावच्या शालिकराम माळ्याची लेक. वांगी, मेथी, शेवंती यांच्यात वाढलेली. तिच्या घराण्यात आजवर कोणी नोकरीला अर्ज केला नव्हता.

दुपारी वर्गात ती अर्ज लिहायला बसली. शेजारच्या बाकावर द्वारका होती. तिचे वडील पुण्याहून बदलून आलेले. दोन वर्षं द्वारकेनं सत्यभामाच्या 'मले-तुले'ची नक्कल करून सगळ्या वर्गाला हसवलं होतं. तिला अकोल्याला जायचंच नव्हतं, त्यामुळे आज तिला भलतीच मोकळीक होती.

एवढ्यात सकीना उठून बाईंच्या टेबलाजवळ गेली. वर्गातली ती एकटीच मुसलमान मुलगी, अकोल्याची. आपली सुरई आपल्याजवळ ठेवून शेवटच्या बाकावर बसायची.

"बाई, माझी अर्ज तयार आहे," ती म्हणाली.

"माझी अर्ज!" द्वारका कुजबुजली. "आणि ही मराठी शिकवणार."

मुली खुदखुदल्या. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती सत्यभामा. दोन वर्षांत पहिल्यांदा हसणं दुसऱ्या कोणावर चाललं होतं आणि आपण हसणाऱ्यांत होतो, याचं तिला बरं वाटलं. द्वारकेनं तिच्याकडं मैत्रिणीसारखं पाहिलंसुद्धा.

परत जाताना सकीना तिच्या बाकाशी थांबली. "तू 'मले' म्हणतेस तेव्हा मी कधी हसले नाही," ती हळूच म्हणाली आणि पुढं गेली.

सत्यभामाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

सोमवारी पहाटे शालिकराम लेकीला घेऊन स्टेशनावर आला. अंगात धुतलेला सदरा, हातात पेरूंची करंडी. बडनेऱ्याला गाडी बदलली. करंडी लेकीकडं देऊन तो पुरुषांच्या डब्यात चढला आणि सत्यभामा बायकांच्या. आत शिरून पाहते तर खिडकीशी सकीना. तिचा भाऊ शेजारच्या डब्यात होता.

डब्यात जागा एकच रिकामी, सकीनाच्या समोरची. मूर्तिजापूर येईपर्यंत दोघी बाहेर पाहत राहिल्या. काळ्या रानात पऱ्हाटीची बोंडं फुटून कापूस पांढरा दिसत होता. शेवटी सत्यभामाच बोलली.

"मी हासाले नव्हतं पायजे."

"नव्हतं," सकीना म्हणाली.

एवढ्यावर बोलणं संपलं असतं. पण सत्यभामानं करंडीतला एक पेरू पुसून पुढं धरला. सकीनानं घेतला. मग तिनं आपला डबा उघडला, पण पुढं केला नाही. नुसता मांडीवर ठेवला. सत्यभामाला कळलं, ही आपल्याला पेचात टाकत नाहीये. घरी कळलं तर आई काय म्हणेल, हे मनात येऊन गेलं, आणि तरी तिनं हात घालून गोड रोटीचा तुकडा मोडला.

"वेलची हाये का यात?"

"बडीशेप," सकीना म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

अकोल्याला उतरून चौघं मोर्णेच्या पुलावरून जुन्या शहरात शिरली. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि ओसरी. कमिटीत तिघं होती: चिटणीस महादेवराव, एक वकील आणि नागपूरहून आलेल्या तपासनीस बाई. पाठाचा विषय चिठ्ठीवर मिळायचा. सकीनाला 'बाजार' आला. सत्यभामा ओसरीवर ऐकत उभी राहिली. सकीना सावकाश, शब्द तोलून बोलत होती. एकदा चुकली, तिनं स्वतःच सुधारलं, आणि पोरी तिच्याबरोबर हसल्या. पाठ संपल्यावर ती मागच्या भिंतीशी जाऊन बसली.

सत्यभामाची चिठ्ठी 'नदी'. तिनं शाळेत घोकलेली पुस्तकी वाक्यं सुरू केली. "नदी डोंगरात उगम पावते. ती मैदानातून वाहते." चाळीस पोरी गप्प. तपासनीस बाईंची पेन्सिल तेवढी वाजत होती.

"आपल्या गावची नदी कोणती?" तिनं विचारलं.

पुढच्या ओळीतली एक लुकडी पोर उठली. "मोर्णा. पाणी उतरलं की आमचे अब्बा तिच्यात पालेज लावतात."

पालेज. हा शब्द सत्यभामानं कधी ऐकला नव्हता. मान डोलावून पुढं जाता आलं असतं. पण तिनं मागच्या भिंतीकडं पाहिलं आणि सरळ विचारलं, "सकीना, पालेज म्हंजे काय?"

तपासनीस बाईंनी मान वर केली. जिच्याशी स्पर्धा, तिलाच विचारणं.

"रेतीत लावतात ती वाडी," सकीना म्हणाली. "टरबुजाची, डांगराची."

"वाडी होय!" सत्यभामाच्या तोंडून निघून गेलं. मग तिला कोण अडवणार? रेतीत खड्डा किती हात खोल, खत कोणतं, येल कोण्या बाजूले वळवायचा, पूर आला तर काय, असं ती विचारत सुटली. पोरी एकमेकींच्या पुढं बोलायला लागल्या. पूर काहून येतो, त्याचं पाणी कुठून येतं, हे सांगता सांगता डोंगरही आला आणि उगमही आला. आपण केव्हाच 'मले-तुले'वर उतरलो आहोत, हे तिला पाठ संपल्यावर कळलं.

कमिटी अर्धा तास आत बसली. ओसरीवर शालिकराम आणि सकीनाचा भाऊ यांनी पेरू खात कांद्याच्या रोपांविषयी गप्पा मारल्या. शेवटी महादेवराव कागद घेऊन बाहेर आले.

"जागा सकीनाबाईंना," ते म्हणाले. "विषय सोडला नाही, आणि निम्म्या मुली त्यांच्याच गल्लीतल्या आहेत."

सत्यभामा सकीनाकडं वळून म्हणाली, "बरं झालं." तिलाच नवल वाटलं, कारण ते खोटं नव्हतं.

"थांबा, माझं झालं नाही," महादेवराव म्हणाले. "तपासनीस बाईंचं म्हणणं, विषय नदीचा होता, टरबुजाचा नव्हता, आणि तुम्ही भाषा सुधारायला हवी. पण आमच्या दुर्गाबाई बाळंतपणाच्या रजेवर चालल्यात. दुसरीच्या वर्गावर तीन महिने कोणी तरी हवं आहे. एक तारखेपासून याल का?"

सत्यभामानं बापाकडं पाहिलं. शालिकरामानं मनात हिशोब केला. "तीन महिने? तेवढ्यात तं दोनदा मेथी निघते, पोरी. हो म्हन."

"येतो," सत्यभामा म्हणाली, आणि घाईनं, "येते."

सकीना फाटकापर्यंत आली. राहायची सोय दुर्गाबाईंच्या शेजारी होईल, आपली आई तिथं बोलून ठेवेल, असं म्हणाली. मग दोघी एकमेकींकडं पाहून हसल्या. हसू आवरेना, भाऊ वैतागला, तरी आवरेना.

परतीच्या गाडीत शालिकराम बोलत सुटला. सकाळी तोंडातून शब्द न काढणारा माणूस, पण त्यानं टीसीला सांगितलं, हमालाला सांगितलं, बडनेऱ्याच्या फलाटावर चहावाल्याला सांगितलं, "पोरगी मास्तरीन झाली, अकोल्याले."

"बा, तीन महिन्यासाठी," सत्यभामानं पहिल्यांदा दुरुस्त केलं. दुसऱ्यांदाही केलं. चहावाल्यानं पैसे न घेता तिच्या हातात कप दिला, तेव्हा तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि बापाला बोलू दिलं.