सफरचंदाची काडी

महालिंगप्पांच्या लेकीचं, उमाबाईचं, लग्न झालं ते १९४३ साल. मार्गशीर्षात मांडव उतरला आणि पौषात मुरुम गावात महादेवाच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा उरली नाही. काश्मीरवाले महाराज आले होते. हातात वीतभर लांबीची, वाळकी दिसणारी काडी. तिच्यावर भगवी शाल टाकली, "काश्मीर का फल, मंतर का बल" असं तीनदा घोळवलं, शाल ओढली, आणि काडीला लालभडक सफरचंद.

सफरचंद हैदराबादच्या बाजारात टोपलीत दिसायचं. त्याचं झाड गावात कुणीच पाहिलं नव्हतं. त्यामुळं ते कसंही असू शकत होतं.

महालिंगप्पांनी दोन पोती ज्वारी देऊन तशीच एक काडी घेतली. महाराजांनी तिचा शेंडा छाटून टाकला आणि ती अंगणात, पांढऱ्या दगडी भिंतीपुढं रोवली. "दिवसभर सूर्यनारायण दिसला पाहिजे. अन् वांझ बाईची सावली पडली, तर काश्मीरची हवा निघून जाईल."

थोरली सून इरम्मा. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तिला त्याच दिवशी मागल्या धान्याच्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली. आत पोती, मडकी, पाण्याचा रांजण आणि अंगणाकडं उघडणारा एक झरोका.

जाताना तिनं तो छाटलेला शेंडा उचलला आणि रांजणाखालच्या ओल्या वाळूत खुपसला. तामलवाडीला तिच्या बापाचा मळा होता. काडी दिसली की ओलीत खुपसायची, ही तिची जुनी खोड.

सासू शांतम्मा भाकरी द्यायला यायची. "अंगणाकडं बघू नको."

"बघितल्यानं बी सावली पडती व्हय, आत्याबाई?"

"तोंड लई चालतंय तुजं."

एकदा नवरा, शांतलिंग, झरोक्याशी आला. "शिवरात्रीपर्यंत काडी फुटली न्हाय, तर आप्पा दुसरी सोयरीक बघणार हायेत."

"अन् तुमी?"

"म्या काय बोलणार?"

"बरं, फुटली तर?"

"तर तू आतच. सावली पुन्यांदा पडाय नगं."

इरम्मा झरोक्यातून पाहत राही. काडीवर सकाळपासून ऊन, दुपारी भिंतीची झळ. बाप रोप लावण्याआधी विचारायचा, ऊन किती, थंडी किती, पाणी कुठं. इथं कुणी काहीच विचारलं नव्हतं.

शिवरात्रीला महाराज आले, अंगण भरलं. काडी हात लावताच मोडली.

"सावली पडली," महाराज म्हणाले.

जाब विचारायला शांतम्मानं कडी काढली. इरम्मा एक मडकं घेऊन बाहेर आली. "कवा पडली? मला तर कोंडून ठिवलंय."

"झरोक्यातून पडली, माई."

"मग हे बघा. तुमच्याच काडीचा शेंडा. दीड महिना माज्या सावलीत हाय."

मडक्यातल्या वाळूत काडीला पंजासारखी दोन खरखरीत पानं आली होती. तिनं एक तोडलं. पांढरा चीक गळाला.

"अगं, हे तर अंजीर!" मागून कुणीतरी म्हणालं.

"काश्मिरात सफरचंदाची पानं अशीच असतात," महाराज म्हणाले. आता मात्र लोक हसले.

"अंजिराच्या काडीला सफरचंद कसं लागंल? आत्याबाई, त्यांच्या झोळीतलं सफरचंद घ्या. देठाशी बघा."

शांतम्मानं देठाशी नख घातलं आणि बाभळीचा काटा ओढून काढला. शालीआड फळ काडीला टोचायचं, एवढीच ती विद्या. सफरचंदाला कडक हिवाळा लागतो, तो इथं नाही. अंजीर इथं येतं, पण मूळ धरेपर्यंत काडीला ओल आणि सावली लागते. महाराजांनी उन्हात रोवायला सांगितलं ते वाळावी म्हणूनच, आणि दोष द्यायला एक बाई आधीच हेरून ठेवली होती.

शांतलिंगनं महाराजांची झोळी धरली. महालिंगप्पांनी सोडवली. "चारचौघांत आपलंच हसं व्हईल. जाऊ द्या त्याला."

"मामा, पुढल्या गावाला सांगावा तरी धाडा," इरम्मा म्हणाली.

"धाडू."

धाडला नाही. इरम्मा पुन्हा चुलीपाशी बसायला लागली.

रोप लावायचं तर आधी जमीन, ऊन आणि हवा बघावी. वाळलं तर मुळाशी उकरावं, घरातल्या बाईकडं बोट करू नये. आणि लबाडी उघडी पडली तर लाजेनं झाकू नये, शेजारच्या गावात जाऊन सांगावी.

चार कोसांवरच्या गावात महाराजांची तसलीच काडी चैत्रात वाळली. तिथल्या मूल नसलेल्या गंगम्माला कोठीत कोंडलं. ती तिथंच तापानं गेली, १९४४ च्या वैशाखात. एकवीस वर्षांची होती.