एकाच माणसाचं औषध

"काढ ती कुपी बाहेर, डेझमंड. म्हातारा येऊन बसलाय," नोरीन फोनवर म्हणाली.

"रक्ताचा रिपोर्ट आला?" तळघरातल्या औषधखोलीतून डेझमंडने विचारलं.

"येईल रे. मागच्या आठवड्यात झकास होता. फ्रेडोनियाहून एवढ्या बर्फातून आलेत दोघं. अजून किती ताटकळत ठेवू त्यांना?"

"पण रिपोर्टाआधी काढायची नाही, असा नियम..."

"नियम तुला शिकवला कोणी? काढ म्हणते ना."

डेझमंड हसला आणि त्याने शीतपेटीतून कुपी काढून वितळायला ठेवली. एरवी नोरीनचा शब्द म्हणजे रिपोर्टच असायचा.

नोरीन डोंब्रोव्स्की बफेलोच्या त्या रुग्णालयात नव्या औषधांच्या चाचण्या सांभाळायची. तोंडाने फटकळ, कामाला वाघ. नव्या डॉक्टरांची ती अशी खरडपट्टी काढी की ते लिफ्टऐवजी जिन्याने जात. पण वाट बघत बसलेल्या माणसाचं तोंड तिला बघवत नसे, एवढी एक खोड होती. त्यांच्यासाठी तिच्या ड्रॉवरमध्ये खारी बिस्किटं असत, आणि पार्किंगवाल्याशी ती त्यांच्या वतीने भांडून येई. लोक तिला जीव लावत ते यासाठीच. घात झाला तोही यानेच.

ती कुपी साधीसुधी नव्हती. त्या म्हाताऱ्याच्या, अर्ल हचिंग्जच्या, फुप्फुसातल्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा शरद ऋतूत प्रयोगशाळेत गेला होता. तिथल्या मंडळींनी संगणकावर ती गाठ अक्षर न् अक्षर वाचली, अर्लच्या रक्ताशी ताडून पाहिली, आणि फक्त त्या गाठीच्याच अंगावर असलेल्या खुणा शोधून काढल्या. या खुणा अर्लच्या शरीराने ओळखाव्यात आणि गाठीवर तुटून पडावं, म्हणून ही लस बनवली होती. जगात दुसऱ्या कुणाला तिचा काडीचा उपयोग नव्हता. बनवण्यात अख्खा हिवाळा गेला. त्यातही लस बनवणाऱ्या कंपनीच्या तपासणीत बाकीच्या कुप्या नापास झाल्या, एकच पास झाली. पुढच्या मागाहून येणार होत्या. पण पहिला डोस शुक्रवारच्या आत गेला नाही तर माणूस चाचणीतून बाद, असा करार होता. आणि कुपी एकदा वितळली की पुन्हा गोठवता येत नाही. त्याच दिवशी द्यायची, नाहीतर फेकायची.

तो दिवस सोमवारचा.

"रस्ता कसा होता?" नोरीनने अर्लच्या दंडाला रक्तदाबाची पट्टी बांधत विचारलं.

"रस्ता कसला! मी तीस वर्षं बर्फ काढायची गाडी चालवली, पोरी. आता जो कोणी चालवतो ना, तो बर्फाला नुसता गोंजारतो."

"तू गप्प बस," व्हर्ना म्हणाली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला होती, आणि नवऱ्याशीही रांगेतल्या पोरांशी बोलावं तसं बोलायची. "रात्रभर झोपला नाही हा. उठून तीनदा खिडकीतून रस्ता बघितला."

"अगं, माझं औषध यायचंय. जन्मात पहिल्यांदा काहीतरी मापाचं शिवून मिळतंय. नाहीतर मला सगळं आमच्या थोरल्या भावाचं जुनं."

नोरीन मनापासून हसली. मग पडद्यावर रिपोर्ट आला.

प्लेटलेट्स घसरल्या होत्या. थोड्याथोडक्या नव्हे, पार तळाला. तिने आकडा पुन्हा वाचला. वाचून तो बदलणार नव्हता. डेझमंडला फोन करायचीही गरज नव्हती. कुपी केव्हाच वितळली होती.

चाचणीच्या प्रमुख डॉक्टर टियर्नींच्या खोलीत जाऊन ती दार लोटून उभी राहिली.

"देऊ या ना तरीही. एकदाच."

"या आकड्यावर? रक्तस्राव झाला तर?" डॉक्टर म्हणाल्या. "आणि घाई कशाला? ते मागच्या आठवड्यात सुरू केलेल्या नव्या गोळीमुळे असणार. ती आजपासून बंद करू. गुरुवारी पुन्हा तपासू, आपल्याकडे शुक्रवारपर्यंत... नोरीन, कुपी गोठलेलीच आहे ना?"

नोरीनने नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

नोरीनने ते दोघांना स्वतः सांगितलं. डॉक्टर येते म्हणाल्या, तर तिने त्यांना येऊ दिलं नाही. स्टूल ओढून ती अर्लच्या गुडघ्याशी बसली.

"रिपोर्ट यायच्या आधी मी औषध वितळवायला सांगितलं. तुम्हाला बसून राहावं लागू नये म्हणून. आज ते देता येत नाही, आणि उद्यापर्यंत ते टिकत नाही. चूक माझी आहे. डेझमंडची नाही, कुणाची नाही."

अर्लला समजायला जरा वेळ लागला. व्हर्नाला लगेच समजलं.

"आम्ही तक्रार केली होती का?" ती म्हणाली. "बसलो नसतो आम्ही? संध्याकाळपर्यंत बसलो असतो. इथे जमिनीवर झोपलो असतो. तुला दया करायला सांगितली होती कुणी?"

"व्हर्ना," अर्ल म्हणाला.

"व्हर्ना काय? अख्खा हिवाळा वाट पाहिली. तासभर आणखी बसलो असतो तर काय झिजलो असतो?"

नोरीनने स्टूल आणखी पुढे ओढलं. ती म्हणाली, "मी कंपनीशी बोलते. पुढची कुपी येईपर्यंत मुदत वाढवून मागते. गुरुवारी तुम्ही या."

तिने मागितली. फोनवर मागितली, लिहून मागितली, ओळखीपाळखी काढल्या, शेवटी पायच धरले म्हणा ना. तिकडचा माणूस सभ्य होता, तेच वाईट. उर्मट असता तर दोन शिव्या तरी हासडता आल्या असत्या. तो म्हणाला, सगळ्यांचा पहिला डोस ठरलेल्या मुदतीतच गेला पाहिजे, नाहीतर औषधामुळे कोण वाचलं हे कळणारच नाही; एकासाठी मुदत वाकवली तर पुढच्या हजारोंचं नुकसान. त्याचं म्हणणं खरं होतं. वीस वर्षं नोरीन हेच रुग्णांना समजावत आली होती.

गुरुवारी उत्तर आलं: नाही. तेव्हा अर्ल आणि व्हर्ना निघालेले होते. तिने व्हर्नाला गाडीत फोन लावला, परत फिरा म्हणून सांगायला. व्हर्नाने नाव बघून उचलला नसावा.

अर्ल खुर्चीत बसला आणि त्याने स्वतःच बाही वर सारली.

"अर्ल, ते नाही म्हणाले," नोरीन म्हणाली.

"बरं." तो हाताकडे बघत राहिला. "पण आलोच आहे तर रक्त घे."

"आता कशाला?" व्हर्नाने विचारलं.

"घेऊ दे गं. मला बघायचंय."

नोरीनने रक्त घेतलं. यावेळी रिपोर्ट येईपर्यंत तिघंही बसून राहिली. नोरीनने ड्रॉवर उघडून बिस्किटांचा पुडा काढला, आणि पुन्हा आत ठेवला.

प्लेटलेट्स अगदी हव्या तेवढ्या वर आल्या होत्या.

"म्हणजे आज देता आलं असतं?" अर्लने विचारलं.

खोटं बोलणं तिला सहज जमलं असतं, आणि तीही दयाच झाली असती. "हो," ती म्हणाली. "आज देता आलं असतं."

त्याने मान हलवली. "चला. म्हणजे मी माझं काम चोख केलं." मग जरा थांबून म्हणाला, "आता काय असतं?"

"डॉक्टर टियर्नी सांगतील. त्रास होऊ नये म्हणून औषधं आहेत. तुमच्या गावातच मिळतील."

"गावातच. बरं झालं. एवढं लांब यायला नको."

व्हर्नाने त्याला कोट घातला, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि नोरीनकडे न बघता गाडी दारापाशी आणायला गेली. अर्ल सावकाश बाहेर आला आणि काउंटरसमोर उभा राहिला. संपूर्ण हिवाळा प्रत्येक खेपेला तो असाच इथे थांबायचा. नोरीन पुढच्या भेटीची तारीख कार्डावर लिहून द्यायची आणि तो ते वरच्या खिशात ठेवायचा. आजही त्याचे पाय आपोआप तिथे थांबले होते. त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं. नोरीनच्या आलं. तिच्या हातात पेन होतं, आणि समोर कॅलेंडर.

बाहेर व्हर्नाने हॉर्न वाजवला. अर्ल तसाच उभा होता, एक हात कोटाच्या खिशाशी नेऊन.