खडखड माझ्यापाशी थांबायची

मित्रांनो, गाडी म्हटलं की तुम्हाला इंजिन आठवतं, चकचकीत रंग आठवतो, फार तर हॉर्न आठवतो. मी कोणालाच आठवत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. एका दोन आसनी स्पोर्ट्स कारच्या पुढच्या उजव्या चाकाशी बसणारा मी एक म्हातारा बुश. दिसायला मुठीएवढा, पण धावत्या गाडीला ब्रेक लागला की त्या चाकाचा धक्का सरळ माझ्या छातीवर यायचा, आणि मी तो कधी पुढे जाऊ दिला नाही.

बुश म्हणजे काय, ते आधी सांगतो. बाहेर लोखंडाचं कडं, आत लोखंडाची नळी आणि दोघांच्या मध्ये घट्ट चिकटलेलं काळं रबर. चाकाला गाडीशी जोडणारा एक लोखंडी हात असतो, त्याला आर्म म्हणतात. त्या आर्मच्या सांध्यात माझी जागा. तुमच्या गुडघ्यात कूर्चा असते ना, तसाच मी. चाक खड्ड्यात गेलं की आर्म उसळतो, मी पिळला जातो आणि पुन्हा सरळ होतो. रस्त्याची खडखड माझ्यापाशी थांबते आणि आत बसलेला माणूस म्हणतो, "रस्ता बरा होता हो!"

कारखान्यात साच्यात घालून मला भाजलं, तोवर मी नुसता चिकट गोळा होतो. तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी मला ताणलं, पिळलं, सोडलं आणि म्हणाल्या, "चिवट आहे हा." लोक हा शब्द शिवीसारखा वापरतात. मला तो पदकासारखा वाटला. त्याच साच्यातून माझा जुळा भाऊही निघाला. तो डाव्या चाकाशी गेला, मी उजव्या. आम्ही एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही, पण ब्रेक लागला की दोघं एकदमच दम धरायचो.

आमची गाडी एका मायलेकींच्या घरी आली. लेक तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. आई जन्मभर शहराची बस चालवून निवृत्त झालेली. लेकीला गाडी चालवायला आईनंच शिकवलं होतं, आणि तेही साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. आठवडाभर आम्ही तलाव, बाजार आणि दवाखाना करायचो. सुट्टीच्या दिवशी मात्र लेक डोक्यावर हेल्मेट चढवायची आणि आम्ही शर्यतीच्या ट्रॅकवर जायचो. रस्त्यावर मला मऊ राहावं लागे, ट्रॅकवर ताठ. दोन्ही घरची सून होऊन नांदावं, तसा मी नांदलो.

पुढे आईची दृष्टी गेली. एकदम नाही, कोपऱ्याकोपऱ्यातून गेली. शेवटी नुसता उजेड आणि अंधार एवढंच उरलं. इतकी वर्षं अख्खी बस वळवणारी ती बाई खुर्ची आणि पलंग यांच्यामध्ये भिंत चाचपत फिरू लागली. शेजारणीकडे जाणं बंद झालं, बाजार बंद झाला. एक गोष्ट तेवढी सुटली नाही. लेकीच्या शेजारी ती गाडीत बसायची, चपला काढून तळवे खाली टेकवायची आणि रस्ता वाचायची.

"हा पुलाचा जोड. आता शाळेपुढचा गतिरोधक येईल. अगं, हळू! आला बघ."

तो रस्ता तिच्या पायांपर्यंत कोण पोचवत होतं? आम्हीच की! काय गिळायचं आणि काय कळवायचं, हे काम आम्ही बुश करत होतो. एवढा मोठा मान किती जणांना मिळतो?

पण माझ्या भावाच्या नशिबी तेल आलं. डाव्या बाजूला इंजिनातून थेंब थेंब तेल गळत होतं आणि नेमकं त्याच्या अंगावर पडत होतं. तेल म्हणजे रबराचं विष. तो फुगला, भुसभुशीत झाला. खाली वाकून कोणी फडकं मारलं असतं, तर वाचला असता. कोणी वाकलं नाही.

एका संध्याकाळी आई म्हणाली, "डावं चाक ब्रेक दाबला की मागे सरकतंय गं."

"आई, रस्ताच खराब आहे."

"रस्ता मला नको शिकवूस. काहीतरी ढिलं झालंय."

"बरं बरं, पुढच्या आठवड्यात दाखवते," लेक म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही ट्रॅकवर गेलो.

आई कुंपणाजवळ खुर्चीत बसली होती. लांब सरळ पट्टा संपतो तिथे एक अवघड उजवं वळण आहे. लेकीनं वेगात ब्रेक दाबला, मी दम धरला आणि त्याच क्षणी डावीकडून भावाचा आधार सुटला. त्याचं रबर फाटलं होतं. डावं चाक मागे गेलं, गाडीचं नाक डावीकडे फिरलं आणि आम्ही ट्रॅक सोडून खडीत घुसलो. दगड तडातडा पोटावर आपटले. टायरांच्या भिंतीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली.

लेकीला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण तिचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. ट्रॅकवरचा एक स्वयंसेवक आईला हाताला धरून घेऊन आला. तिनं खिडकीतून आत हात घालून लेकीचं तोंड चाचपलं, मान चाचपली, खांदे चाचपले.

"विकून टाकते ही गाडी," लेक म्हणाली. "तू शेजारी असतीस तर?"

"नव्हते ना? मग उतर खाली आणि हिला उस्तादकडे घेऊन चल."

उस्ताद म्हणजे आमचा गॅरेजवाला. आवाज मोठा, मतं त्याहून मोठी. त्यानं गाडी उचलली, खालून बॅटरी मारली आणि मान हलवली. "डावा गेलाय. उजवा अजून धडधाकट आहे, पण बदलायचे तर दोन्ही बदलायचे." मित्रांनो, 'उजवा अजून धडधाकट आहे' हे वाक्य मी जन्मभर जपून ठेवीन. दाबयंत्रावर, म्हणजे प्रेसवर, दाबून त्यानं आम्हाला दोघांना आर्ममधून बाहेर काढलं. भावाची आणि माझी पहिली भेट भंगाराच्या डब्याच्या तोंडाशी झाली.

"तो धड असलेला इकडे द्या," आई म्हणाली. उस्तादनं मला पुसून तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं अंगठ्यानं माझं रबर दाबलं. "हा इतकी वर्षं माझ्याशी बोलत होता तर!"

मग नवे बुश कोणते घालायचे, यावर वाद पेटला. उस्ताद म्हणाला, "सगळीकडे कडक प्लास्टिकचे घाला. तेलानं कुजत नाहीत, ट्रॅकवर गाडी रेषेत पळते." लेकीच्याच मॉडेलची गाडी चालवणारा तिचा मित्र तिथे आला होता. त्याला सगळे सुसाट म्हणत. तो म्हणाला, "प्लास्टिक कशाला? माझ्यासारखे लोखंडी गोळ्याचे सांधे बसव. रबर नाही, काही नाही. चाक तसूभर हलत नाही."

लेक सगळ्यांचं ऐकून म्हणाली, "होते तसेच मऊ रबराचे घाला. मी ट्रॅक सोडते. आईला धक्के नकोत."

आई ताडकन उठली. "माझ्या नावावर मऊ बुश घालू नकोस! मी काय काचेचं भांडं आहे, पेंढ्यात गुंडाळून ठेवायला? डोळ्यांनी दिसत नाही म्हणून पायांनाही दिसायला नको का? मला तर ते लोखंडीच घाला. सगळं कळू दे."

लेक रडवेली झाली. सुसाट म्हणाला, "मावशी, माझ्याकडे जादा आर्म आहेत, लोखंडी सांध्यांसकट. लावून बघा. नाही आवडले तर परत द्या."

ते आर्म बसवले. मी आईच्या स्वेटरच्या खिशात होतो. गाडी गल्लीतून निघाली आणि आईचा चेहरा फुलला. "वा! गटाराचं झाकण. ही फरशी. हा दगड." बाजारापर्यंत ती हसत होती. पुलावर बोलणं कमी झालं. परत येताना गतिरोधक कधी आला, ते तिला कळलंच नाही. तिचे दात एकमेकांवर वाजत होते. गॅरेजपाशी उतरून तिनं दाराला धरलं.

लेक काळजीनं म्हणाली, "आई, दुखलं का?"

"दुखण्याचं काय घेऊन बसलीस? अगं, सगळे एकदम बोलायला लागले! वर्गातली पन्नास पोरं एकदम ओरडली तर कोण काय म्हणतंय ते कळतं का?" मग ती स्वतःशीच हसली. "चुकलं माझं. जरा गाळून देणारा कोणीतरी हवाच."

मित्रांनो, गाळून देणारा! माझ्या उभ्या आयुष्याचं वर्णन तिनं दोन शब्दांत केलं. खिशातल्या अंधारात माझी छाती फुगली.

उस्तादनं टेबलावर सगळे नमुने मांडले. आईनं एका हातात मला धरलं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा एकेका नमुन्यावर दाबत गेली. पहिला माझ्याचसारखा मऊ. "हा नको. ट्रॅक काही सुटत नाही, आणि तिथे हा पोरीला पुरायचा नाही." प्लास्टिकच्या बुशमध्ये तिचा अंगठा रुतलाच नाही. लेकीनं तोच बुश उचलला आणि नळीत सळई घालून ती तिरकी करून पाहिली. नळी गोल फिरत होती, पण तिरकी होईना.

"उस्ताद, जुना बसत होता त्या जागी आर्म नुसता वर-खाली होत नाही, थोडा तिरकाही होतो ना?"

उस्तादनं सळई स्वतःच्या हातात घेतली, जोर लावला आणि डोकं खाजवलं. "होतो. तिथे हा अडकेल. कुरकुर करेल." हार मानणं त्याला जड गेलं, पण मानली. "मग असं करू. आर्मचा पुढचा सांधा सरळ फिरतो, तिथे माझं प्लास्टिक. मागे, जिथून हा म्हातारा निघाला, तिथे रबरच. पण जरा कडक."

आईचा अंगठा एका काळ्या बुशवर थांबला. तिनं मला दाबलं, त्याला दाबलं, पुन्हा मला दाबलं. "हा. ह्याच्याच घराण्यातला दिसतोय, फक्त तालमीत जाऊन आलेला."

अशा रीतीनं, मित्रांनो, माझा वारस माझ्याच अंगावर मोजून निवडला गेला. राजाच्या गादीसाठीसुद्धा एवढी पारख होत नसेल.

उस्तादनं आधी तेलाची गळती बंद केली. सुसाटचे आर्म काढून आमच्या जुन्या आर्ममध्ये नवे बुश बसवले, पण मागच्या रबरी बुशचे बोल्ट नुसते हातानं फिरवून सोडले. गाडी खाली उतरवली, चाकांवर पूर्ण भार येऊ दिला आणि मगच ते करकचून आवळले. "लोंबकळत्या गाडीत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं," तो लेकीला म्हणाला. "ज्यानं त्यानं आपल्या पायावर उभं राहावं, मग बांधून घ्यावं."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आई डोक्याला हेल्मेट घालून शेजारच्या सीटवर बसली. त्या दिवशी सोबत माणूस न्यायची परवानगी होती. मी तिच्या मुठीत होतो. पहिल्या फेरीला लेक त्या उजव्या वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक दाबून बसली. दुसऱ्या फेरीलाही तेच. भीती तिच्या पायात शिरली होती. तिसऱ्या फेरीला सरळ पट्टा लागला, तसा आईनं आवाज चढवला, गल्लीला ऐकू जाणारा तोच आवाज.

"अगं, गाडी कधीची तयार आहे! तूच मागे राहिली आहेस! चल पुढे, चल पुढे! इथे स्टॉप नाही!"

लेकीला हसू फुटलं आणि हसता हसता तिनं ब्रेकला पाय न लावता गाडी पुढे काढली. मग नेमक्या जागी ब्रेक लागला. मुठीतून मला कळलं, गाडी सरळ राहिली. डावा नवा, उजवा नवा, दोघांनी एकदम दम धरला. आम्ही वळणातून सुतासारखे बाहेर पडलो आणि आईनं मला इतकं घट्ट आवळलं, की ब्रेकखालीसुद्धा मला कोणी एवढं आवळलं नव्हतं.

गाडी थांबल्यावर सुसाट धावत आला. "मावशी, माझी गाडी वळणात काहीतरी कुरबुर करते. कोणालाच सापडत नाही. एक चक्कर बसाल का?"

आई हेल्मेट काढत होती. तिनं ते पुन्हा चढवलं. "बसते की. पण तू बडबड करायची नाहीस. आणि आधी माझ्या चपला कोणीतरी सांभाळा."

लेकीनं चपला घेतल्या. त्या दिवशी आई आणखी दोन गाड्यांत बसली. आता दर सुट्टीला तिची वाट पाहणारे चालक कुंपणापाशी उभे असतात. घरात भिंत चाचपणारी बाई तिथे रुबाबात चालते, आणि मी तिच्या खिशात असतो.

मित्रांनो, तुमच्या सायकलीच्या, गाडीच्या, घरातल्या यंत्राच्या पोटाखालीही माझ्यासारखा कोणी गुपचूप धक्के खात असेल. अधूनमधून वाकून बघा, तेल पडत असेल तर पुसा. आणि घरात कोणी खुर्चीत नुसतं बसून असेल, तर त्याला जपून बसवून ठेवू नका. हात धरून बाहेर काढा आणि विचारा, "आमचं काय ढिलं झालंय, सांगता का?"