भाटकाराशेजारची खुर्ची

गरिबांतलाही एक माणूस कमिटीत घ्या, असं वरनं आलं म्हणे, आणि आमच्या पंचायतीनं पाणी कमिटीत मला घेतलं. मी हौसा, चंदगडची, गोव्यात तुयेला गवंड्याच्या हाताखाली राबणारी. गोवा राज्य होऊन वर्षच झालं होतं. कमिटीत पाच जणं, खुर्च्याही पाच. पण मी बसायची दाराजवळ, चटईवर. बसू नको असं कुणी म्हणालं नव्हतं. पण ज्याच्या खोलीत भाड्यानं राहायचं त्या भाटकाराच्या, जमीनमालकाच्या बरोबरीनं बसायचं? अंगातच नव्हतं बाई ते!

त्या दिवशी विषय निघाला आमच्या खोल्यांपुढच्या नळाचा. भाटकार कृष्णनाथना तो आपल्या बागेकडं न्यायचा होता. म्हणजे आम्ही ओढ्यावरनं पाणी आणायचं, चढण चढून. आणि माझी सून ज्योती, दिवस भरत आलेली.

सरपंच सगुणबाबनी हात वर करायला सांगितलं. नळ हलवा म्हणणारे दोघे, भाटकार आणि त्यांचा मेव्हणा. नको म्हणणारे दोघे, सरपंच आणि शालिनी टीचर. राहिले मी. चटईवरनंच हात वर केला. "नळ हलवायचा न्हाई."

भाटकार हसले. "जमिनीवरचे हात मोजायचे तर दारातल्या बायकांचे पण मोजा मरे! मेंबर खुर्चीवर असतो."

शालिनी टीचर म्हणाल्या, "हौसाताई, वर येऊन बसा."

रिकामी खुर्ची होती ती भाटकारांच्या शेजारची. मी उठले. माझ्याकडं न बघता ते हळूच म्हणाले, "बस हां. पण खोली दुसरी बघून ठेव."

दारात ज्योती उभी, कमरेवर हात ठेवून. मेल्या, म्हटलं मनात, काय व्हायचं ते होऊ दे. खुर्ची ओढली आणि बसले.

भाटकार ताडकन उठले. माझ्या मांडीला मांडी लावून बसतील होय!

"परत हात वर करा," सरपंच म्हणाले.

भाटकारांनी उभ्यानंच हात वर केला.

"मेंबर खुर्चीवर असतो," मी म्हणाले. माझ्याच आवाजाचं मला भ्या वाटलं.

दारातल्या बायका खुदकन हसल्या. भाटकार काही बसले नाहीत.

नळ राहिला. आमची खोली गेली. आता आम्ही वरच्या वाड्यावरच्या वस्तीत राहतो, तिथं नळ नाही. रोज सकाळी कळशी घेऊन मी त्याच नळावर येते. बायका रांगेत असतात, पण पहिली कळशी मला भरू देतात.