पांढरी तीन

वसुमतीने फिरत्या रेकॉर्डवरची सुई उचलली. तबकडी तशीच फिरत राहिली आणि बंगळूरच्या चिकपेठेतल्या त्या माडीवरच्या खोलीत सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"हे कोण गातंय?" तिने विचारले.

कंपनीचे रेकॉर्डिंग करणारा हयवदन हसला. त्याला थट्टा वाटली.

"तुम्हीच की, अक्का. दुसरं कोण?"

"मी नाही. ही सोळा वर्षांची कुणी पोर आहे. नाकात गाणारी."

तिने सुई पुन्हा कडेला टेकवली. आधी खरखर आली, तव्यात ओले पीठ पडावे तशी. मग हार्मोनियम, मग तबला. तो तबला नव्हताच, तेलाच्या रिकाम्या डब्यावर कुणी बोटे मारत होते. तंबोरा तर कुठेच नव्हता. आणि या सगळ्याच्या वर एक चिरका, घाईतला, लाडिक आवाज तिच्या वडिलांचे पद गात होता. 'पायरीवर दिवा ठेविला, अजुनी न आलासी.' वाट पाहणाऱ्या बाईचे पद. रेकॉर्डमधली बाई मात्र बस पकडायला निघाल्यासारखी गात होती.

कोपऱ्यात भीमाचार्य बसले होते. धारवाडकडचे, नऊ वर्षे तिच्या साथीला. त्यांनी आपली पेटी उघडली, भाता हलवला आणि एक पट्टी दाबून धरली. पांढरी तीन. वसुमतीचा षड्ज. रेकॉर्डशी तो सूर भांडला. त्यांनी बोट उजवीकडे सरकवले. काळी तीन. आता जुळला.

"दोन पट्ट्या वर," ते म्हणाले. "पेटी माझीच आहे. ही पेटी अशी कधी वाजली नव्हती."

हयवदनचे हसणे मावळले. तो समजावू लागला. एका बाजूला साडेतीन मिनिटांपेक्षा जास्त मावत नाही, अक्का गायल्या जवळजवळ चार मिनिटं. टेप पळवल्याशिवाय बसत नव्हतं. आणि खालचे सूर भारी पडले की सुई उडी मारते, म्हणून तेही स्वल्प कापावे लागले.

"कापले," वसुमती म्हणाली.

"स्वल्पच, अक्का. लोकांना कळत नाही."

"मला विचारलं का नाही?"

हयवदनने कृष्णाजीकडे पाहिले. वसुमतीनेही मान वळवून नवऱ्याकडे पाहिले. कचेरीत कारकुनी करणारा कृष्णाजी टोपी काढून हातात फिरवत होता.

"मला विचारलं होतं," तो म्हणाला. "शेवटचा अंतरा गाळू की टेप पळवू, असं. मी म्हटलं, अंतरा गाळू नका. त्यात मामांचं नाव येतं."

त्या अंतऱ्यात खरेच तिच्या वडिलांचे नाव होते. 'ज्योतिबा म्हणे.' ज्योतिबा दंडूत, म्हणजे छावणीत, गोऱ्या साहेबांचे कोट शिवत आणि रात्री गवीपूरच्या भजनात बसत. घरात पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाणारी, कानडी शब्द मुरलेली मराठी त्यांनी पदांत आणली. हे एक पद त्यांनी लेकीच्या गळ्यासाठी बेतले होते. शेवटच्या ओळीला सूर पायरी पायरीने खाली उतरतो आणि अगदी तळाशी जाऊन थांबतो. "तुझा आवाज खालचा आहे," ते तिला सांगत. "लोक वर बोलावतील. जाऊ नकोस." आदल्या वर्षी ते वारले होते.

"त्यांचं नाव राहिलं," वसुमती म्हणाली. "गाणं गेलं."

तिने चपला घातल्या आणि ती जिना उतरली. ते १९५७ साल होते.

रेकॉर्ड खपली. कंपनीला वाटले होते त्याहून किती तरी जास्त खपली. मराठी न समजणारेही ती विकत घेत होते. बसवनगुडीतल्या हॉटेलात दिवसातून तीनदा ती वाजायची. लग्नाच्या मांडवात झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून वाजायची, आणि कर्ण्यातून तर ती बाई थेट मांजरीसारखी वाटायची. पद सुरू झाले की वसुमतीला कुणाचे तरी उष्टे तोंडात आल्यासारखे होई. एकदा ती अर्धा डोसा पानात टाकून हॉटेलातून उठली. गल्ल्यावरच्या मालकाने ओळखून हात जोडले आणि तिच्या मानासाठी आवाज आणखी मोठा केला.

शेजारच्या कस्तुराबाई रेकॉर्ड घेऊन घरी आल्या, तिने सही करावी म्हणून.

"काय गोड गळा आहे गं. साखरच. आमच्या नातीला सांगते, असं गायला शीक."

वसुमतीने सही केली. कस्तुराबाई गेल्यावर तिने मोरीत जाऊन हात धुतले, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. कृष्णाजी दारात उभा राहून पाहत होता. त्या दिवसापासून त्याने घरात त्या पदाचा विषय काढला नाही. ती त्याच्याशी बोलत होती, वेळेवर कॉफी देत होती, पण रियाजाला बसताना खोलीचे दार आता आतून लावून घेत होती.

दुसऱ्या वर्षी मल्लेश्वरमच्या गणेशोत्सवात तिचे गाणे ठरले. मांडव खच्चून भरला. इतकी माणसे तिच्या गाण्याला याआधी कधी आली नव्हती. भीमाचार्यांनी न विचारता पांढरी तीन धरली. तिने दोन बंदिशी गायल्या आणि मग समोरून चिठ्ठ्या येऊ लागल्या, एकामागून एक, सगळ्यांवर तेच. दिवा. पायरीवर दिवा.

ती गायली. जसे वडिलांनी शिकवले तसे, सावकाश, प्रत्येक पायरीवर पाय पूर्ण टेकवून. तिला वाटत होते की एकदा या लोकांनी खरे ऐकले की त्या तबकडीची त्यांनाही शिसारी येईल. पहिल्या अंतऱ्यालाच पुढच्या रांगेतल्या दोन बायका एकमेकींकडे वळल्या. मागे कुणी तरी बाकावरून उठले. शेवटच्या ओळीला ती तळाशी उतरली तेव्हा मांडवात पानाच्या डब्यांची झाकणे वाजत होती. टाळ्या पडल्या. पाहुण्याच्या मानासाठी वाजवलेल्या टाळ्या.

नंतर मंडळाचे नरसिंहराव शाल घेऊन आले.

"घसा बसला होता का, अक्का?" त्यांनी हळूच विचारले. माणूस मनाने चांगला होता, चेहऱ्यावर खरी काळजी होती. "आधी सांगितलं असतं तर काढा करून पाठवला असता."

"घसा ठीक आहे."

"नाही, रेकॉर्डमधे फारच कोवळा आहे ना आवाज. लोक ते मनात घेऊन आले होते. वय होतं माणसाचं, सरी, असू दे, त्याला काय करणार."

रेकॉर्ड निघून चौदा महिने झाले होते. वसुमती चाळीस वर्षांची होती.

तिने शाल घेतली, घडी केली आणि भीमाचार्यांच्या पेटीवर ठेवली. घरी नेली नाही.

त्यानंतर बोलावणी आली ती सगळी एकाच अटीवर. रेकॉर्डसारखे गा. एकाने तर पट्टी लिहून पाठवली होती. तिने ते पद जाहीर गाण्यात म्हणणे बंद केले. पद नाही म्हटल्यावर बोलावणीही आटली. भीमाचार्य दर गुरुवारी न चुकता येत, ती दार लावून त्यांच्यासोबत तासभर गाई, आणि मग दोघे कॉफी पीत. दुपारी चार मुली शिकायला येत. कुणी ते पद मागितले तर ती म्हणे, मला येत नाही. पण गल्लीत ते वाजतच राहिले. रेडिओवर लागे, समोरच्या सायकल दुकानात लागे, चवथीला लागे, दसऱ्याला लागे. कान काही दार नव्हते, आतून लावून घ्यायला.

रेकॉर्ड निघून सहा वर्षे होत आली. १९६३च्या मार्चमध्ये एका सकाळी हयवदन घरी आला. केस पांढरे व्हायला लागले होते. कंपनी बंगळूरचे दुकान बंद करून मद्रासला चालली होती आणि तो गोदाम आवरत होता.

"तुमची टेप सापडली, अक्का," तो उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला. "मूळची. न पळवलेली."

वसुमती तांदूळ निवडत होती. तिचे बोट थांबले.

"पूर्ण नाही," तो म्हणाला. "त्या काळी टेपचा तुटवडा होता. तिच्यावर नंतर साबणाच्या जाहिराती घेतल्या. मीच घेतल्या. पण त्या लवकर संपल्या, म्हणून शेवटचं राहिलं. शेवटचा अंतरा राहिलाय. सूर कापलेले नाहीत. जसं गायलात तसं आहे."

त्याने हात जोडले. "मला त्या दिवसाचं फार लागलंय, अक्का. एकदा ऐका. तुम्ही म्हणाल तर मी मद्रासला त्याची वेगळी रेकॉर्ड काढून आणतो. माझ्या खर्चानं."

कृष्णाजी आतून आला. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याने त्या पदाबद्दल तोंड उघडले.

"जाऊया," तो म्हणाला. "मी कचेरीत कळवतो."

दुपारी तिघे त्याच माडीवर गेले. आवाज घुमू नये म्हणून भिंतीवर लावलेले गोणपाट काढून टाकले होते, खोक्यांना दोऱ्या बांधल्या होत्या. एका स्टुलावर टेपचे यंत्र तेवढे उरले होते. निरोप मिळाल्याने भीमाचार्य आधीच येऊन बसले होते, पेटी मांडीशी. हयवदनने वसुमतीसाठी खुर्ची पुसली.

आधी कानडीत साबणाची जाहिरात लागली. एक बाई खळखळून हसत होती. मग एक बारीकसा खटका, आणि मधूनच, ओळीच्या अर्ध्यात, आवाज आला.

खोली भरून गेली. तंबोरा होता. चारही तारा वेगळ्या ओळखू येत होत्या. डग्ग्याला पोट होते. शेवटच्या ओळीला आवाज एक एक पायरी उतरत खाली गेला, 'ज्योतिबा म्हणे' वर क्षणभर टेकला आणि तळाशी जाऊन स्थिर राहिला. टेपचे मोकळे टोक फडफडू लागले.

भीमाचार्यांनी पेटी उघडली नाही. डोळे मिटूनच म्हणाले, "पांढरी तीन."

कृष्णाजी खिडकीशी गेला होता. त्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसले.

"मामा असते तर," एवढेच तो म्हणाला.

"परत लाव," वसुमती म्हणाली.

हयवदनने परत लावले. या वेळी ती पुढे वाकून, भुवया जवळ आणून ऐकत होती. जड आवाज होता. एखादी थोराड बाई डोक्यावर घागर घेऊन चालावी तसा, सावकाश, श्वास ऐकू येणारा. 'अजुनी'वर तो वर जाईल म्हणून तिने वाट पाहिली. तो गेला नाही. प्रत्येक शब्द तिला हवा होता त्याच्या मागून येत होता. तिने पदराने ओठ पुसले. तोंडात तीच चव आली होती, हॉटेलातली, मांडवातली. ती या आवाजाने यावी हे तिला आधी कळलेच नाही, आणि कळले तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"आता बरोबर आहे ना, अक्का?" हयवदनने विचारले. "काढू ना रेकॉर्ड?"

ती यंत्राकडे पाहत राहिली. तिघेही थांबले होते. कृष्णाजीच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांनी सुटल्यासारखे काही तरी दिसत होते. ते पाहून तिने मान खाली घातली.

"आणखी एकदा," ती म्हणाली. मग अगदी हळू, "जरा वेगानं लावता येईल?"

भीमाचार्यांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. हयवदनने खिशातून चिकटपट्टी काढली, टेप ओढणाऱ्या बारीक दांडीभोवती तिचे सात-आठ वेढे दिले, म्हणजे दांडी जाड होऊन टेप जास्त वेगाने ओढली जाईल, आणि खटका दाबला.

आवाज वर चढला, हलका झाला, धावू लागला. वसुमतीच्या उजव्या हाताचे बोट गुडघ्यावर ताल धरू लागले. तिसऱ्या मात्रेला तिच्या ते लक्षात आले. तिने हात पदराखाली ओढून घेतला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.