लाल ठिपक्याचं कपाट

"परक्याला आपला माना, ही आज्ञा धर्मग्रंथात छत्तीस वेळा आली आहे," असं म्हणून डॉक्टर कुशेल यांनी टेबलावर तळहात टेकवला, आणि मेलबर्नमधल्या ज्यूंच्या सिनेगॉगच्या मागच्या खोलीत खरोखरच शांतता पसरली. माणुसकीच्या इतिहासातलं एक पान आपल्या डोळ्यांदेखत उलटलं जातंय असं क्षणभर सगळ्यांनाच वाटलं. मग खिडकीजवळून कोणीतरी म्हणालं, छत्तीस नव्हे, शेहेचाळीस. पुढची चाळीस मिनिटं त्यात गेली. युक्रेनमधून युद्धामुळे निघालेल्या लोकांसाठी नेमलेल्या समितीची ती पहिली सभा. तिच्या इतिवृत्तात एकच ठराव आहे: पुढच्या वेळी बिस्किटं कोणी आणायची.

डॉक्टर कुशेल दातांचे डॉक्टर होते. पस्तीस वर्षं ते अशाच माणसांशी बोलत आले होते ज्यांना उलट उत्तर देता येत नव्हतं, त्यामुळे वाद त्यांना जड जात असे.

फेला या सगळ्या वेळात मुठीत एक किल्ली धरून बसली होती. किल्ली तिच्या थोरल्या बहिणीच्या, ब्रोन्याच्या फ्लॅटची. ब्रोन्या फेब्रुवारीत गेली. फ्लॅट कार्लाईल स्ट्रीटच्या मागे, पहिल्या मजल्यावर; ट्राम वळली की कपाटातल्या बश्या किणकिणायच्या. तो आता ब्रोन्याच्या मुलाचा, अव्नरचा, आणि सिडनीत राहणाऱ्या अव्नरला तो विकायचा होता. फेलानं त्याला फोनवर इतकं छळलं की त्यानं शेवटी चार महिन्यांची मुदत दिली.

"चार महिने, मावशी. मग मी येऊन बघतो. कोणी घर म्हणून राहत असेल तर राहू दे. नुसत्या पिशव्या टेकवून बसले असतील तर दलालाला बोलावतो."

एकोणऐंशी वर्षांच्या फेलाचं गणित साधं होतं. घरात माणसं राहिली तर घर राहील, आणि घर राहिलं तर ब्रोन्या थोडीफार राहील. यात परोपकार किती आणि स्वार्थ किती, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. समितीनंही विचारलं नाही. समितीला चावी मिळाली होती.

मेलबर्नच्या त्या भागातल्या ज्यू माणसाला मदत करायची हुक्की आली की तो आधी माळा उघडतो. आठवड्याभरात नऊ किटल्या जमल्या, चार इस्त्र्या, आणि दोघांनी मिळूनही उचलली न जाणारी एक कढई. शिवाय सगळं जोडीनं, कारण ब्रोन्याचं स्वयंपाकघर कडक कोशर, म्हणजे धर्माच्या नियमानं दूध आणि मांस कधी एकत्र न येणारं. दुधाची भांडी वेगळी, मांसाची वेगळी. एकाची पळी दुसऱ्याला लागली तर ब्रोन्याचा दिवस फुकट जायचा. एवढं सोवळं सांभाळायला तिनं दोन मोऱ्या बांधून घेतल्या होत्या, दोन कपाटं, दोन छोट्या शेगड्या. दुधाच्या वस्तूंवर निळा ठिपका, मांसाच्या वस्तूंवर लाल. फडक्यांच्या कोपऱ्यावरसुद्धा.

मेमध्ये दोघीजणी आल्या. उल्याना चाळिशीची, आणि तिची सासू मोत्रिया, जिच्या वयाचा अंदाज कोणालाच येईना. उल्यानाचा नवरा तिकडेच राहिला होता. त्याच्याविषयी कोणी विचारत नसे. फेलाची लहानपणची पोलिश आणि त्यांची युक्रेनियन मध्यावर कुठेतरी भेटत. फेलानं त्यांना स्वयंपाकघर दाखवलं. हे निळं, हे लाल. हे याच्यात मिसळायचं नाही, कधीच. मोत्रियानं दोन मोऱ्यांकडे पाहिलं, दोन शेगड्यांकडे पाहिलं आणि सगळं समजल्यासारखी मान हलवली. यापलीकडे काही सांगावं असं फेलाला वाटलंच नाही. तिच्या ओळखीत हे न कळणारं माणूस आजवर जन्माला आलं नव्हतं.

मग फेला दर बुधवारी दुपारी जाऊ लागली. कारण चौकशीचं, खरं कारण ब्रोन्याची खुर्ची. त्या खुर्चीत बसलं की हिवाळ्याचं पातळ ऊन गुडघ्यांवर यायचं, खालून ट्रामची घंटा वाजायची, बश्या किणकिणायच्या, आणि फेलाचे डोळे मिटायचे. मग खोली हलकेच डुलायला लागायची. एकोणीसशे एकोणपन्नासचं जहाज. अगदी तळाशी दोन बहिणींना मिळून झोपायला एक फळी, आणि दहा वर्षांची ब्रोन्या बोटानं मध्ये रेघ मारून सांगतेय, ही अर्धी तुझी, ही माझी, आणि झोपेत माझ्यात आलीस तर ढकलून देईन. प्रत्यक्षात सकाळी फेला नेहमी त्या रेघेच्या पलीकडे, ब्रोन्याच्या काखेत सापडायची. डोळे उघडले की समोर मोत्रिया काहीतरी शिवत बसलेली असायची आणि चहा गार झालेला असायचा. कोण कोणाच्या घरी आलंय, हे कळायला फेलाला थोडा वेळ लागायचा.

अशाच एका बुधवारी तिच्या लक्षात आलं की लाल ठिपक्याचं कपाट उघडलेलंच नाही. आतली ताटं ज्या वर्तमानपत्रात तिनं गुंडाळली होती, त्यातच होती. लाल मोरी कोरडी. पुढे आणखी दिसत गेलं. दोन खोल्यांपैकी एकीतच दोघी झोपत. फ्रिजचे वरचे दोन कप्पे भरलेले, खालचे दोन रिकामे, पुसलेले. गच्चीतल्या चार दोऱ्यांपैकी दोनच दोऱ्यांवर कपडे, दाटीवाटीनं, एकावर एक.

तिनं हे समितीत सांगितलं. सांगायला नको होतं. डॉक्टर कुशेल यांनी तळहात टेकवून निष्कर्ष काढला की आपल्या रीतीचा मान राखण्यासाठी त्या दोघींनी मांस सोडलं आहे. ते ऐकून दोन बायकांनी डोळे पुसले. शनिवारी धर्मगुरू रब्बींनी यावर प्रवचन दिलं. पाहुण्यांनी जे ओळखलं ते आपली मुलं कधी ओळखणार, असा त्याचा रोख होता, आणि मुलं नेहमीप्रमाणे बाहेर केक खात होती.

फेलाला मात्र झोप लागेना. तिला दिसत होतं ते वेगळंच. अर्ध्या घरात राहणारी माणसं म्हणजे निघायच्या तयारीतली माणसं. अव्नर हे दारातूनच ओळखील.

अव्नर यायच्या आधीच्या बुधवारी ती गेली तेव्हा जिन्यातच वास आला. शेगडीवर ब्रोन्याचं दुधाचं मोठं पातेलं, निळा ठिपका पुढे, आणि आत बीटचं लालभडक सूप रटरटत होतं. त्यात मांसाचे चांगले अंगठ्याएवढे तुकडे. शेजारी वाडग्यात घट्ट आंबट साय, वरून घालायला. चाळीस वर्षांचं सोवळं त्या पातेल्यात एका बाजूनं दुसऱ्या बाजूला उड्या मारत होतं.

फेलानं झाकण परत ठेवलं. फडक्याला हात पुसले. मग खुर्चीत बसली.

"लाल कपाट का नाही वापरत तुम्ही?" तिनं विचारलं.

उल्यानानं सासूकडे पाहिलं. मोत्रियानं शिवण खाली ठेवलं.

"दुसऱ्यांच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे मला शिकवायला नको बाई," ती म्हणाली. "मी अशाच घरात वाढले. चार कुटुंबं, एक स्वयंपाकघर. चार टेबलं, चार दिवे, दिव्यांची चार बटणं. दुसऱ्याच्या दिव्याखाली बटाटा सोलला तरी भांडण."

फेलाची नजर लाल मोरीकडे गेली.

"इथे दोनच आहेत, म्हणजे चैनच," मोत्रिया म्हणाली. "फक्त एक सांग. ती दुसरी माणसं कधी यायची? चार महिने झाले. वाटेत काही झालं नाही ना त्यांना?"

खालून ट्राम वळली. बश्या किणकिणल्या, निळ्याही आणि लालही. फेलाला सगळं समजावून सांगायला दोन वाक्यं पुरली असती. तिनं तोंड उघडलंही. पण मोत्रिया तिच्याकडे अशी बघत होती, की जणू फलाटावर उभी आहे आणि गाडीला उशीर झालाय.

"येतील," फेला म्हणाली.

रविवारी सकाळच्या विमानानं अव्नर आला. पंचावन्न वर्षांचा, उंच, डोळ्यांखाली काळं. तीन वाजता दलाल घर बघायला येणार असल्याचं त्यानं जिन्यातच सांगून टाकलं, म्हणजे नंतर अवघड व्हायला नको. फेलानं बेल वाजवली. स्वतःच्या बहिणीच्या दाराची बेल तिनं आयुष्यात पहिल्यांदाच वाजवली होती.

मोत्रियानं दार उघडलं आणि त्याच्याकडे खालून वर पाहिलं.

"आलास? एकटाच? बाकीचे कुठे?"

फेलानं तिच्या म्हणण्याचा अर्थ सांगितला, पण त्यामागची हकिकत सांगितली नाही. अव्नरला वाटलं, त्याच्या बायकोची चौकशी चाललीय. ती चार वर्षांपूर्वी सोडून गेली होती.

"एकटाच," तो म्हणाला.

मोत्रिया चुकचुकली आणि तिनं त्याचा कोट काढून घेतला. लाल कपाट उघडलं. एकेक ताट वर्तमानपत्रातून मोकळं केलं, लाल मोरीत धुतलं, लाल फडक्यानं पुसलं. आईचं शुक्रवारचं सोनेरी काठाचं खोल ताट अव्नरच्या पुढ्यात आलं, त्यात सूप, त्यावर साय. तो चमचा तोंडाशी नेता नेता थांबला. मेलबर्नमधल्या कुठल्याही दुधपित्या ज्यू मुलाला कळेल अशी गोष्ट होती ती. त्यानं मावशीकडे पाहिलं. मावशी खिडकीबाहेर पाहत होती. त्यानं दोन ताटं खाल्ली.

मग मोत्रियानं त्याला त्याची खोली दाखवली. ती त्याचीच होती, सतरा वर्षं. ते तिला माहीत नव्हतं. पलंगावर धुतलेली चादर, कोपरे लिफाफ्यासारखे दुमडलेले, उशाशी स्वच्छ टॉवेल. तो बसला. उशीला हात लावला. फेला दोन मिनिटांनी डोकावली तेव्हा तो बुटांसकट आडवा झाला होता आणि घोरत होता.

अडीच वाजता कोटात फोन वाजायला लागला. उल्यानानं तो काढून फेलापुढे धरला. फेलानं तो लाल कपाटातल्या रिकाम्या पातेल्यात ठेवला, झाकण लावलं आणि कपाट बंद केलं. तरी आतून गुणगुण येत राहिली, लांबच्या गावातलं कोणीतरी हाक मारतंय तशी. तीन वाजता दाराची बेल वाजली. तिघीजणी स्वयंपाकघरात हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. पावलं उतरून गेली. ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर चढलं. फेलाचेही डोळे मिटले. फळी डुलायला लागली, आणि या खेपेस मध्ये रेघ नव्हती.

पाच वाजता अव्नर दारात उभा होता. गालावर उशीची घडी उमटलेली.

"मावशी, माझ्या खोलीतली चादर कोण बदलतं?"

"म्हातारी. दर पंधरा दिवसांनी."

"कोणासाठी?"

"येणार आहेत त्यांच्यासाठी."

तो खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधू लागला. ती सुटलेली नव्हती. बराच वेळ तो तसाच वाकून होता.

"मग आणा कोणीतरी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "खोली अशी अडवून ठेवणं बरं नाही."

समितीची सभा गुरुवारी झाली. डॉक्टर कुशेल यांनी घरमालकाच्या औदार्यावर बोलताना छत्तीस हा आकडा पुन्हा काढला, आणि फेला बिस्किटं घेऊन घरी गेली.

दुसरं कुटुंब नोव्हेंबरात आलं. तरुण जोडपं, खार्किवचं. मोत्रियानं त्यांना लाल कपाट दाखवलं, लाल मोरी, लाल शेगडी, गच्चीतल्या दोन दोऱ्या, आणि निळ्याला हात लावायचा नाही हे दोनदा बजावलं.

दोघंही शाकाहारी आहेत.