माइक चावतो तेव्हा

दातांच्या डॉक्टरांना हौशी रेडिओचं वेड होतं. दवाखाना आटोपला की मागच्या खोलीत, स्वतः जुळवलेल्या जुन्या धाटणीच्या ट्रान्समीटरवरून ते परगावच्या मेव्हण्याशी गप्पा मारत. त्यालाही तोच नाद. खोट एकच होती. बोलताना ओठ माइकला लागला की चटका बसे. दिवसभर लोकांना ‘जरासं झिणझिणेल हं’ म्हणणारे डॉक्टर संध्याकाळी स्वतःचाच ओठ चोळत बसत.

अर्थिंग कमी पडतंय, असं ठरवून त्यांनी एक लांबलचक तार स्वयंपाकघरातल्या नळाला नेऊन बांधली. मग भांडी घासताना नळ बायकोला चावला. हा नळ माझा आहे, एवढंच तिने शांतपणे सांगितलं. डॉक्टरांनी मागे हटायचं सोडून आणखी एक तार गॅलरीच्या कठड्याला जोडली.

त्याच संध्याकाळी ते मेव्हण्याला वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंबद्दल रंगवून सांगत होते. बाईंचा वरचा सा लागला की रोग्यांच्या अक्कलदाढा आपोआप हलतात म्हणे. थोड्याच वेळात दार वाजलं. दारात बाई, आणि मागे हसू दाबणारा सगळा क्लास.

“डॉक्टर, तुम्ही आमच्या स्पीकरमधून बोलताय,” बाई म्हणाल्या. “अक्कलदाढेपर्यंत ऐकलं.”

डॉक्टरांची दातखीळ बसली. बायकोने मात्र आग्रहाने सगळ्यांना आत बोलावून बसवलं.

मंडळी गेल्यावर डॉक्टरांनी फोनवर मेव्हण्यापुढे रडगाणं गायलं. तो पोटभर हसला आणि म्हणाला, “भाऊजी, आधी त्या तारा काढा. अर्थिंग राहिलं बाजूला, त्याच अँटेना होऊन बसल्यात.” गच्चीवरच्या अँटेनाकडे गेलेला करंट तिच्या केबलच्या बाहेरच्या अंगावरून उलटा घरात शिरतोय, तोच माइकला, नळाला आणि वरच्या स्पीकरला छळतोय; केबलला अँटेनापाशी फेराइटच्या, म्हणजे असा उलटा करंट अडवणाऱ्या चुंबकी कड्यातून वेढे द्या, असं त्याने समजावलं.

डॉक्टरांनी गच्चीवर जाऊन वेढे दिले, तारा सोडवल्या. मग बायको नळाला हात लावून उभी राहिली, बाई वर स्पीकरपाशी बसल्या आणि डॉक्टर माइकसमोर. चाचणीला काहीतरी बोलायला हवं, म्हणून त्यांनी बाईंची मनापासून माफी मागितली. शब्द असे सुचत गेले की त्यांचे स्वतःचेच डोळे ओलावले. ओठाला चटका नाही, नळ गप्प.

बाई खाली आल्या. “झकास झालं काम. एक अक्षर ऐकू आलं नाही.”

बायकोने डॉक्टरांकडे नुसतं पाहिलं. माफी पुन्हा मागावी लागली, समोर उभं राहून, आणि ती काही केल्या पहिल्यासारखी जमली नाही.